राहिलास नव्हे, राहावंस

प्रिय पिट्ट्या,

एक्केचाळीस वर्षांच्या, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या आणि रोज सकाळी लेकीला शाळेत सोडणाऱ्या माणसाला पिट्ट्या म्हणू नये हे मला कळतं. पण आज दुसरं काही सुचत नाही. आणि हे पत्र आत्ताच्या आत्ता लिहिलं नाही तर मी कुणाच्या तरी कवळीत वरचे दात खाली बसवणार. सकाळी एकदा बसवून झालेत. आमच्या डॉक्टरीणबाईंनी साचा हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आज तुमचं लक्ष कुठाय? हा माणूस हसला तर लोक पळून जातील." मग मला जेवणाच्या सुट्टीच्या आधीच सोडलं. आता लॅबच्या मागच्या खोलीत, मेणाची भांडी आणि प्लास्टरची पोती यांच्या मधल्या टेबलावर कोपर टेकून बसले आहे. कागदाला मेणाचा वास येईल, चालवून घे. नेहमीसारखं चार ओळींचं पत्र नाही हे. पाणी पिऊन बस.

तुला एक गोष्ट मी सांगितलेली नाही. गेलं दीड वर्ष मी स्पॅनिश शिकते आहे. हसू नकोस. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, मंगळवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी सहा ते साडेसात. खुर्च्या लहान मुलांच्या आहेत, त्यामुळे गुडघे हनुवटीला लागतात. आम्ही चौघं आहोत. परदेशी जायची तयारी करणारी एक नर्स, हॉटेलच्या काउंटरवर बसणारा एक तरुण, फुटबॉलचं समालोचन मूळ भाषेत ऐकायचं म्हणून आलेले एक निवृत्त पोस्टमनकाका, आणि मी. मॅडम सव्वीस वर्षांच्या, पेन्सिल चघळतात, चुकलं की स्वतःच "अरेरे" म्हणतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारलं, कशासाठी शिकताय? मी सांगितलं, हौस म्हणून. पोस्टमनकाकांनी लगेच मान डोलावली. हौस म्हटलं की माणसं पुढे विचारत नाहीत.

पण हौस नव्हती ती. झालं असं की दीड वर्षापूर्वी बाबा एकदा न्हाणीघरात शिडीवर चढून पाण्याच्या पाइपाला नवा नट बसवत होते. मी खाली शिडी धरून उभी. नट किती फेरे फिरवला ते मोजत होते, तोंडातल्या तोंडात. उनो, दोस, त्रेस. सातपर्यंत गेले, मग मी ऐकतेय हे लक्षात आलं आणि आठ मराठीत म्हणाले. पिट्ट्या, तुला आठवतं ना, परदेशातून आले तेव्हा ते तुला खांद्यावर घेऊन जिन्याच्या पायऱ्या तसेच मोजायचे? दहा वर्षांचा घोडा तू, पाय त्यांच्या कमरेपर्यंत लोंबायचे, पण उतरायचा नाहीस. तू घर सोडलंस तेव्हापासून त्या भाषेतला एक शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. पंधरा-सोळा वर्षांत एकही नाही. शिडी धरून उभी असताना मला ते पहिल्यांदा जाणवलं. दुसऱ्याच आठवड्यात जाऊन वाचनालयाचा फॉर्म भरला.

तुला कळलंच असेल आता की गाडी कुठल्या रुळावर चाललीय. तरी थांब, मला क्रमानं सांगू दे. क्रमानं सांगितलं नाही तर मलाच विश्वास बसायचा नाही.

परवाच्या गुरुवारी मॅडमनी फळ्यावर एक लांबलचक मथळा लिहिला. त्याचं नाव मी तुला सांगत नाही, मलाही नीट म्हणता येत नाही. क्रियापदाचं एक रूप आहे. बनवायची रीत मात्र अगदी सोपी, तुझ्या लिफ्टच्या बटणासारखी. भूतकाळातलं "ते बोलले" घ्यायचं, त्यांच्यात आब्लारोन. शेपटीचा "रोन" कापायचा. उरलं आब्ला. त्याला नवी शेपटी लावायची, मी असेन तर रा, तू असशील तर रास, आपण असू तर रामोस. आब्लारा, आब्लारास, आब्लारामोस. जेवणं, राहणं, सगळ्या साध्या सरळ क्रियापदांना हाच नियम. नर्सनं पटापट वहीत उतरवून घेतलं. पोस्टमनकाका मात्र अडून बसले. म्हणाले, "बनवायचं कसं ते कळलं. वापरायचं कधी?" मॅडमनी इंग्रजी पुस्तकातून वाचून दाखवलं, इच्छा, शंका, विनंती, भीती, कल्पना, असे पाच मथळे. आम्ही चौघं ढिम्म. काकांनी पुन्हा विचारलं, "म्हणजे ही झालेली गोष्ट आहे की न झालेली?" मॅडम पेन्सिल चघळत म्हणाल्या, "दोन्ही नाही. कुणाला तरी ती व्हायला हवी होती. झाली की नाही हे ते रूप सांगतच नाही."

आणि पिट्ट्या, माझ्या तोंडून आपोआप गेलं, "मॅडम, म्हणजे बोलावं, जेवावं, राहावं?" त्या थांबल्या. पेन्सिल तोंडातून काढली. म्हणाल्या, "हो की. तू बोलावंस असं मला वाटत होतं. अगदी तेच. हे मला कुणी शिकवलंच नाही." काका एकदम खूश. त्यांनी टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, "आपल्याकडे होतंच की हे, मग एवढा वेळ का घाबरवत होतात?" सगळे हसले. मग मॅडमनी प्रत्येकाला एकेक क्रियापद मागितलं, फळ्यावर करून दाखवायला. नर्सनं काम करणं दिलं, तरुणानं गाणं दिलं, काकांनी अर्थात खेळणं. माझी पाळी आली आणि मी केदारसे म्हटलं. थांबणं, राहणं. ते का म्हटलं हे तुला सांगायची गरज नाही. मॅडमनी लिहिलं, "ते राहिले", केदारोन. रोन कापला. रास लावला. केदारास.

मी फळ्याकडे बघत राहिले. तो शब्द मी सतरा वर्षं ओळखते, पिट्ट्या. कुठल्या ओळीत आहे, त्याच्या आधी काय आहे, नंतर काय आहे, सगळं पाठ आहे मला. फक्त त्याचा अर्थ मला त्या क्षणी पहिल्यांदा कळत होता. खुर्चीवरून उठताना मी खुर्चीसकट उठले, ती एवढी लहान आहे. मॅडम म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, घरी गॅस चालू राहिलाय. आणि वही काखोटीला मारून धावत सुटले. पंचेचाळीस वर्षांची बाई रस्त्यानं धावताना कशी दिसते ते तू बघितलं नाहीस हे बरं झालं. फळांच्या दुकानाशी एक चप्पल सुटली, ती हातात घेऊन पुढे गेले.

घरी बाबा रेडिओ ऐकत होते. मी सरळ माझ्या कपाटाशी गेले आणि तळाची जुनी वही काढली. ती तू बघितलेली नाहीस. त्या वेळी मी पत्रातली वाक्यं आधी तिच्यात उतरवली होती, डावीकडे मूळ, उजवीकडे शब्दकोशातून काढलेले अर्थ, आणि मग तुझ्यासाठी वेगळ्या कागदावर सुवाच्य करून लिहिलं होतं. तो कागद तुझ्या लक्षात असेलच. माझ्या तर आहेच. आई जाऊन वीस दिवस झाले होते. तू बाबांच्या हत्यारांच्या पेटीत स्क्रू-ड्रायव्हर शोधायला गेलास आणि मोजमापाच्या यंत्राच्या डबीखाली ते तीन पानी पत्र सापडलं. कुण्या बाईचं, परक्या भाषेतलं, आणि खाली लहान मुलीनं काढलेलं घर. तू ते माझ्याकडे आणलंस. म्हणालास, "ताई, तुला वाचता येईल, तू हुशार आहेस." मी वाचनालयातला जाडा शब्दकोश आणला आणि तीन दुपारी बसून ते पत्र "वाचलं".

वाचलं कसलं. तीन पानांपैकी धड अर्धं पान मला लागलं होतं. पण त्या अर्ध्या पानात ते एक वाक्य होतं, आणि त्या वाक्यातला शब्द न् शब्द मी शोधला होता. केरीआ. शब्दकोशात पहिला अर्थ दिला होता प्रेम करणे, दुसरा हवे असणे. मी पहिला घेतला. केदारास, राहणे. बिबिएरामोस, राहणे, जगणे. कोमिएरामोस, जेवणे. यामारा, हाक मारणे. शब्दकोश मूळ क्रियापद देतो, शेपट्या देत नाही. शेपट्या मी माझ्या मनानं लावल्या. भूतकाळ दिसतोय ना, मग झालं असणार. तुला दिलेल्या कागदावर मी काय लिहिलं ते तुला पाठ असेल. "माझं प्रेम होतं. तू राहिलास. आपण तिघं या घरात राहिलो. रविवारी एकत्र जेवलो. मुलगी तुला बाबा म्हणाली."

आता खरं वाक्य ऐक. मी हे शुक्रवारी मॅडमना दाखवून, त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलंय. "तू राहावंस, आपण तिघांनी या घरात राहावं, रविवारी एकत्र जेवावं, मुलीनं तुला बाबा म्हणावं, असं मला वाटत होतं."

वाटत होतं, पिट्ट्या. झालं यातलं काहीच नव्हतं. ते राहिले नाहीत. कापडाच्या कारखान्यात माग जोडून द्यायला कंपनीनं पाठवलं होतं चौदा महिन्यांसाठी, आणि चौदा महिन्यांनी ते परत आले. ती बाई घरमालकीण होती, विधवा, तिच्या वरच्या खोलीत हे भाड्यानं राहायचे. तिला ते आवडले. तिला वाटलं राहावेत. एवढंच लिहिलंय त्या वाक्यात. पुढे अजून एक ओळ होती, जिच्यावरून तू सगळ्यात जास्त पेटला होतास. "अजून तुझं ताट मांडते, हो, तू कारखान्यातून परत यायचास." तिथेही मी माती खाल्ली. तो "हो" नाहीच. त्यांच्या सी या शब्दावर तिरकी रेघ असली की हो, नसली की जर. आणि आधी कोमो आहे, म्हणजे जसं. "अजून तुझं ताट मांडते, जसा काही तू कारखान्यातून परत येणार आहेस." मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "हे कोणी लिहिलंय?" मी म्हटलं, ओळखीच्या एका माणसाला आलेलं आहे. त्या म्हणाल्या, "बिचारी."

शनिवारभर मी घरात काय काय पुसलं ते विचारू नकोस. पंख्याची पातीसुद्धा पुसली. बाबा दोनदा म्हणाले, कोणी येणार आहे का. रविवारी सकाळी ते गॅलरीत इस्त्री उघडून बसले होते, सगळे स्क्रू बशीत रांगेनं लावलेले. अजून तसेच आहेत रे, अठ्ठ्याहत्तर झाले तरी दुसऱ्याला स्क्रूला हात लावू देत नाहीत. मी समोर स्टूल ओढलं आणि काहीही प्रस्तावना न करता ते वाक्य वाचलं, मोठ्यानं, त्यांच्या भाषेत. त्यांचा हात थांबला. मी शेवटापर्यंत गेले. मग म्हणाले, "यामारा नाही. तिकडे जामारा म्हणायचे." आणि पुन्हा इस्त्रीत डोकं घातलं. मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

मग मात्र ते उठले, आत गेले आणि ती पेटी घेऊन आले. पत्र तिथेच होतं, त्याच डबीखाली. त्यांना वाचता येतं, पिट्ट्या. हळूहळू, बोट ठेवून, पण येतं. त्यांना ते पहिल्या दिवसापासून नीट कळलं होतं. तिसरं पान, जे मला तेव्हा अजिबात लागलं नव्हतं, ते त्यांनी मला वाचून दाखवलं. त्यात ती लिहिते, तू गेलास ते बरोबर केलंस, तुझ्या पोरांना तुझी जास्त गरज होती. आता गंमत बघ, "तू गेलास" आणि "तू होतास" याला त्यांच्यात एकच शब्द आहे, फुइस्ते. मी तेव्हा माझ्या वहीत "तू होतास" लिहून पुढे गेले होते. एका पत्रात तीन ठिकाणी आपटले मी, आणि तिन्ही वेळा बाबांच्या अंगावर.

मी विचारलं, "तुम्हाला कळत होतं की तो कागद चुकीचा आहे. मग त्याला सांगितलं का नाहीत?" ते बराच वेळ बशीतले स्क्रू इकडचे तिकडे करत राहिले. मग जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते. माझे शब्द मध्ये नकोत. म्हणाले, "त्यानं विचारलं, हे खरं आहे का. मी तिथे राहिलो नव्हतो. पण राहावंसं वाटलं होतं. एखादा दिवस नाही, शेवटचे दोन महिने. रोज. तुझी आई जाऊन वीस दिवस झालेले, पोरगा समोर उभा, आणि मी म्हणू खोटं आहे? तेवढं तोंड नव्हतं मला." मग मी विचारलं, आईला माहीत होतं का? तर म्हणाले, "आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी सांगितलं. काही झालं नव्हतं, पण मनात आलं होतं, तेसुद्धा सांगितलं. ती म्हणाली, आलात ना? हात धुऊन या, जेवायला वाढते. नंतर दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही. मग एक दिवस बोलायला लागली." मला ते दोन महिने आठवतात, पिट्ट्या. आपल्याला वाटायचं आईचे दात दुखतात. तिनंच तसं सांगितलं होतं.

मी जरा चिडलेही. म्हटलं, मला तरी सांगायचं होतंत, सतरा वर्षं एका घरात राहतोय आपण. तर म्हणाले, "तू विचारलं नाहीस." आणि ते खरंच आहे. मी कधी विचारलं नाही. त्यांना वेळेवर गोळ्या दिल्या, चष्म्याचे नंबर बदलून आणले, शेजाऱ्यांनी म्हटलं की अशी मुलगी मिळायला नशीब लागतं तर गप्प बसून ऐकून घेतलं. विचारलं मात्र नाही, कारण विचारलं असतं तर मला दुसरंही काही बोलावं लागलं असतं.

ते दुसरं आता लिहिते. गेला पाऊण तास मी याच्याभोवती फिरतेय.

त्या दिवशी तू तो कागद बाबांच्या समोर टेबलावर ठेवलास तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. हातात चहाची गाळणी होती, तिच्यातून थेंब पायावर पडत होते, गरम, आणि मी पाय हलवला नाही. बाबांनी चष्मा लावला, कागद वाचला, घडी घातली आणि एकच प्रश्न विचारला, "हे कुणी वाचलं?" आणि तू म्हणालास, "मी." एका क्षणाचाही विचार न करता म्हणालास. मग तू विचारलंस, हे खरं आहे का, आणि बाबांनी उत्तर दिलं नाही. तू बॅग भरलीस. मी बाहेर आले नाही. तू मला नंतर कधी, एका पत्रात, एका फोनमध्ये, त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीस. आपली पत्रं लॅबच्या पत्त्यावर यायची ठरली तेव्हासुद्धा नाही. तुला वाटलं असेल, ताईला त्याच घरात राहायचंय, तिच्यावर कशाला. आणि मी ते घेतलं. घर घेतलं, बाबा घेतले, चांगली मुलगी हे नाव घेतलं, आणि तुझ्या वाट्याला ठेवली ती दोन खोल्यांची जागा आणि बाबांनी फक्त फोटोत बघितलेली तुझी लेक. चूक शब्दकोशाची होती असं मी स्वतःला सांगत आले. पहिली चूक असेलही. दाराआडून बाहेर न येणं ही शब्दकोशाची चूक नव्हती.

म्हणून रविवारी, त्या स्टुलावर, मी बाबांना सांगितलं. म्हटलं, "बाबा, तो कागद त्यानं लिहिला नव्हता. पत्र मी वाचलं होतं. मी." मला वाटलं आता ते उठून आत जातील. निदान त्यांचा चेहरा तरी बदलेल. त्यांनी इस्त्रीच्या तळाला कपडा मारला आणि म्हणाले, "अक्षर तुझं होतं."

ते म्हणाले, "तुझं अक्षर मी ओळखणार नाही होय? पहिली ओळ बघूनच कळलं. तरी विचारलं, कारण तुला बाहेर यायला वाट द्यावी असं वाटलं. तर हा म्हणाला, मी." आणि मग, पिट्ट्या, ते जे म्हणाले त्यामुळे मी सकाळपासून दात उलटे बसवते आहे. म्हणाले, "राग होता त्याच्या डोळ्यांत, मला फाडून खाल्लं असतं. आणि तेवढ्या रागातसुद्धा त्यानं बहिणीला मागे घातलं. मी तेव्हाच मनात म्हटलं, हा पोरगा माझ्याशी बोलो न बोलो, चांगला निघालाय." सतरा वर्षं हे त्यांच्या मनात आहे आणि तुला माहीत नाही. तुला वाटतं त्यांच्या लेखी तू बापाला कोर्टात उभं करणारा मुलगा. तुझ्यावर रागावले नाहीत ते कधीच. तू नाव टाकलंस, आता आपण कुठल्या तोंडानं जायचं, एवढंच धरून बसले. तुम्ही दोघं इतके एकसारखे आहात की मला दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटतात, आणि त्यानंतर माझं स्वतःचं.

मी हे फोनवर सांगणार होते. रविवारी फोन उचललाही होता. बाबा म्हणाले, "फोन नको. लिही. त्याला दोनदा वाचायला लागेल." आणि म्हणाले, "राहावंसं वाटलं होतं, तेही लिही. झाकू नकोस. त्यानं मला जे विचारलं होतं त्याचं अर्धं उत्तर ते आहे." म्हणून लिहिलं. त्यावर तुला राग आला तर तो खरा राग असेल, कागदावरच्या खोट्या वाक्याचा नाही, आणि तो त्यांच्यासमोर काढ. कारण ते येताहेत. हेच सांगायला हे पत्र लिहायला बसले आणि बघ किती लांब गेले. या शनिवारी सकाळी निघून अकराच्या सुमाराला तुझ्याकडे पोचतील, एकटे. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाले, आणि मलाही ते पटलं. तुम्ही दोघं बोला. माझ्याशी काय बोलायचं ते नंतर बोल, जसं वाटेल तसं बोल, मी सगळं ऐकून घेईन आणि या वेळी समोर उभी राहून ऐकेन. नको असतील तर गुरुवारपर्यंत लॅबमध्ये फोन कर, मी त्यांना काहीतरी सांगून थांबवीन. केला नाहीस तर मी समजेन. त्यांचा डावा गुडघा धरतो, जिना चढताना मध्ये दोनदा थांबतात आणि भिंतीवरचं काहीतरी बघत असल्यासारखं करतात. वरून हाक मारू नकोस, खाली ये. कुणी दंडाला धरलेलं त्यांना खपत नाही, मलाही झिडकारतात. पण काल कपडे बाहेर काढताना ते स्वतःहून म्हणाले की त्यानं धरलं तर धरू देईन.

तुझीच,
ताई